‘आजार योजनेत बसतो का?’ – गावाकडील कुटुंबांसाठी जन आरोग्य योजनेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना या दोन्ही योजना महाराष्ट्रात आता एकत्रितपणे राबविल्या जातात. गावोगावी त्यांचे फलक लागले आहेत, आशाताईंनी घरोघरी फिरून कार्डे काढून दिली आहेत, आणि तरीही रुग्णाला घेऊन गेलेली माणसे दवाखान्याच्या दारात गोंधळून उभी राहतात. गेली काही वर्षे आमच्या तालुक्यातील रुग्णांसोबत मी जिल्ह्याच्या ठिकाणी जात-येत असते. तिथे, आणि जाता-येताना एसटीत, ज्या शंका मला पुन्हा पुन्हा विचारल्या गेल्या त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. योजनेचे नियम आणि आजारांची यादी शासन वेळोवेळी बदलते, म्हणून प्रत्यक्ष उपचारापूर्वी १५५३८८ या निःशुल्क क्रमांकावर खात्री करून घ्यावी.

व्यवस्थापित आरोग्यसेवा म्हणजे काय, आणि तिचा आमच्या योजनेशी काय संबंध?

एरवी दवाखान्याचा व्यवहार दोघांमध्ये होतो. रुग्ण पैसे देतो, डॉक्टर उपचार करतो, आणि कोणते उपचार किती दिवस करायचे हे त्या दोघांत ठरते. खरे तर डॉक्टर ठरवतो आणि रुग्ण मान हलवतो. व्यवस्थापित आरोग्यसेवेत तिसरा पक्ष असतो, तो म्हणजे पैसे भरणारा. ती विमा कंपनी असेल, सरकार असेल किंवा एखादी सहकारी संस्था असेल. पैसे त्याच्या तिजोरीतून जाणार असल्यामुळे कोणते उपचार मिळतील, कोणत्या रुग्णालयात मिळतील आणि त्यांचा दर काय असेल हे तो आधीच ठरवून ठेवतो, आणि मोठा उपचार सुरू करण्यापूर्वी रुग्णालयाने आपली परवानगी घ्यावी असा नियम करतो. महाराष्ट्रात हे काम राज्य आरोग्य हमी सोसायटी पाहते. आजारांची ठरलेली यादी, योजनेत सहभागी झालेली म्हणजे अंगीकृत रुग्णालये, प्रत्येक उपचाराचे ठरलेले पॅकेज (म्हणजे त्याचा एकत्रित दर) आणि पूर्वपरवानगी ही या व्यवस्थेची चार अंगे आहेत. गावाकडच्या माणसाची जी अडवणूक होते, ती बहुतेक वेळा यांपैकी एखादे अंग त्याला कोणीच नीट समजावून न सांगितल्यामुळे होते. कार्ड हातात आले की कोणत्याही दवाखान्यात कोणताही उपचार फुकट होईल अशी त्याची समजूत असते, कारण कार्ड देताना त्याला तेवढेच सांगितलेले असते.

ही पद्धत परदेशातून आणली आहे का?

‘व्यवस्थापित आरोग्यसेवा’ हा शब्द अमेरिकेतून आला आहे, पण त्यामागची कल्पना तिथेही आधी शेतकऱ्यांमध्ये रुजली आणि आपल्याकडेही रुजली. ओक्लाहोमा राज्यातील एल्क सिटी या लहानशा गावी डॉ. मायकेल शदीद यांनी १९२९ साली शेतकरी संघटनेच्या मदतीने सहकारी रुग्णालय उभे केले. शेतकऱ्यांनी पन्नास-पन्नास डॉलरचे भाग घेतले, आणि आजारी पडण्याआधीच पैसे भरून उपचाराचा हक्क मिळवला. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने शदीद यांना कडाडून विरोध केला, पण रुग्णालय टिकले.

आपल्याकडचे उदाहरण मला त्याहून मोलाचे वाटते. वर्ध्याजवळील सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने १९७०च्या दशकाच्या अखेरीस परिसरातील गावांमध्ये ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेण्याची योजना सुरू केली. सुगी झाली, खळे झाले की कुटुंबे आपापल्या वाट्याची ज्वारी जमा करीत. ज्याची जमीन अधिक तो अधिक देई आणि भूमिहीन मजूर कमी देई, मात्र रुग्णालयात दोघांनाही सारखीच सेवा मिळे. अचानक उद्भवलेल्या आजारासाठी भरती झाल्यास खर्च पडत नसे, तर बाळंतपण किंवा मोतीबिंदू यांसारख्या आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी बिलाचा काही भाग रुग्णाला भरावा लागे. गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाल्याशिवाय त्या गावात योजना सुरू केली जात नसे. हा भेद का केला, सगळ्या गावाने का सामील व्हायचे, हे ग्रामसभेत बसून समजावून सांगितले जाई. आजच्या योजनेचा आवाका त्या योजनेच्या कितीतरी पट मोठा आहे, पण समजावून सांगण्याचा तो भाग मात्र आपण मागे सोडला आहे, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतात.

सध्याच्या योजनेची वाटचाल थोडक्यात अशी आहे. राज्यात १९९७ साली जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली आणि नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व जिल्ह्यांत लागू झाली. २०१७ साली तिला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना सुरू झाली आणि पुढे दोन्हींची सांगड घालण्यात आली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचे ठरले, आणि विस्तारित योजनेची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून सुरू झाली.

पाच लाख रुपये आमच्या खात्यात जमा होतात का?

नाही. ही रक्कम रोख मिळत नाही आणि ती प्रत्येक माणसासाठी वेगळीही नाही. एका कुटुंबाला एका वर्षात मिळून पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार घेता येतात, आणि पैसे थेट रुग्णालयाला दिले जातात. घरातील एका माणसाच्या उपचारावर तीन लाख खर्च झाले, तर त्या वर्षापुरते दोन लाख सर्वांसाठी उरतात. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांची स्वतंत्र मर्यादा ठरविलेली आहे.

आमचे रेशन कार्ड पांढरे आहे. आम्हाला लाभ मिळेल का?

पूर्वी पिवळे, केशरी, अंत्योदय व अन्नपूर्णा कार्डधारकांना लाभ मिळत असे; पांढऱ्या कार्डाच्या बाबतीत मराठवाडा व विदर्भातील चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांना ती सवलत होती. विस्तारित योजनेत पांढऱ्या कार्डाची कुटुंबेही आली आहेत. याशिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या सर्व व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ज्यांचे कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत आहे, त्या घरातील ज्येष्ठांना त्यांच्या स्वतःच्या उपचारासाठी वर्षाला पाच लाखांचे वेगळे संरक्षण आहे, आणि ते घरातील इतरांबरोबर वाटून घ्यावे लागत नाही. आजोबांचा उपचार झाला तर नातवासाठी काही उरणार नाही, अशी धास्ती घेऊन दुखणे अंगावर काढणारी वृद्ध माणसे मी पाहिली आहेत, म्हणून ही गोष्ट त्यांना मुद्दाम सांगावी.

कागदपत्रे कोणती लागतात?

रुग्णाचे नाव असलेली शिधापत्रिका, आधार कार्ड किंवा छायाचित्र असलेले दुसरे ओळखपत्र, आयुष्मान कार्ड काढलेले असल्यास ते, आणि डॉक्टरांनी आजवर दिलेले सर्व कागद बरोबर न्यावेत. कार्ड काढण्यासाठी शासन कोणतेही शुल्क घेत नाही.

कागद घरात असतात, अडचण नावांची असते. ‘कौसाबाई’ आणि ‘कौशल्या’ ही एकच बाई आहे हे गावाला ठाऊक असते, संगणकाला नसते. सून लग्न होऊन आली तरी तिचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी करून सासरच्या शिधापत्रिकेत चढवलेले नसते. मुले वेगळी राहू लागली तरी कार्ड एकच असते. कुणाचे वय एका कागदावर पन्नास आणि दुसऱ्यावर अठ्ठावन्न असते. माझ्या आत्यांना हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी नेले, तेव्हा त्यांच्या शिधापत्रिकेवर घरात हाक मारायचे नाव होते आणि आधारवर लग्नानंतरचे. त्यांना धाप लागत होती म्हणून खुर्चीवर बसवून ठेवले, आणि आम्ही दोन दिवस तहसील कार्यालय व दवाखाना यांच्यामध्ये येरझाऱ्या घातल्या. शिधापत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत, जुन्या साडीच्या घडीत जपून ठेवलेली होती. इतक्या जपून, की तिच्यावरचे नाव दहा वर्षांत कोणी वाचलेच नव्हते. म्हणून आजच, घरात कोणी आजारी नसताना, शिधापत्रिका आणि सर्वांची आधार कार्डे समोरासमोर ठेवून नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि जन्मवर्ष ताडून पाहावे, ई-केवायसी झाली आहे का ते रेशन दुकानदाराला विचारावे, आणि चूक असेल तर ती तहसीलच्या पुरवठा शाखेत दुरुस्त करून घ्यावी. नवजात बालकाचे नाव शिधापत्रिकेवर नसते. त्यासाठी जन्माचा दाखला आणि आई-वडिलांची कागदपत्रे लागतात.

थेट मोठ्या दवाखान्यात गेलो तर चालते का?

चालते, पण गावाकडच्या रुग्णासाठी ते नेहमी शहाणपणाचे नसते. आपल्याकडे सपाट प्रदेशात साधारण पाच हजार लोकसंख्येमागे उपकेंद्र, तीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यावर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय व जिल्हा रुग्णालय अशी रचना आहे. आदिवासी भागात हे प्रमाण अनुक्रमे तीन हजार आणि वीस हजार धरले जाते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली, तर पुढे कोणत्या विभागाचा डॉक्टर लागणार हे समजते आणि दोन-तीन फेऱ्या वाचतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण बरेच लोक येथेच चुकतात. एखादे रुग्णालय ‘योजनेत आहे’ याचा अर्थ तिथे सर्व आजारांचे उपचार योजनेतून होतात असा नाही. रुग्णालयाचा समावेश विभागवार केलेला असतो. एकाच इमारतीत हाडांच्या शस्त्रक्रिया योजनेतून होतात आणि हृदयाच्या होत नाहीत, असे सर्रास दिसते. त्यामुळे फोनवर ‘तुमच्याकडे योजना आहे का’ असे विचारले की ‘आहे’ असे उत्तर मिळते आणि साठ किलोमीटर जाऊन माणूस परत येतो. त्याऐवजी आजाराचे नाव सांगून ‘या आजारासाठी योजना आहे का’ असे विचारावे. काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत, आणि त्यांची यादी आरोग्यमित्राकडे असते.

आरोग्यमित्र कोण असतो?

प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात योजनेचा एक कक्ष असतो आणि तिथे बसणारा योजनेचा प्रतिनिधी म्हणजे आरोग्यमित्र. रुग्णाची नोंदणी करणे, कागदपत्रे तपासणे आणि पुढचा मार्ग सांगणे हे त्याचे काम आहे. तो रुग्णालयाचा नोकर नाही, योजनेचा आहे. रुग्णालयाच्या बाजूने योजनेची फाईल पाहणारा वैद्यकीय समन्वयक वेगळा असतो. नातेवाइकांना या दोघांतला फरक माहीत नसल्यामुळे तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्यापाशीच ती सांगितली जाते. दवाखान्यात शिरल्यावर केसपेपर काढण्यापूर्वी आधी आरोग्यमित्राचा कक्ष शोधावा आणि आपण योजनेतून उपचार घेणार आहोत असे स्पष्ट सांगावे. एकदा पैसे भरून दाखल झाल्यावर मागाहून योजनेत घेणे फार कठीण जाते.

परवानगीला इतका वेळ का लागतो? डॉक्टर ऑपरेशन करायला तयार असताना मुंबईत बसलेल्या माणसाने अडवायचे कारण काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त रागाने विचारला जातो, आणि तो राग मी समजू शकते. बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला ‘अजून ॲप्रूव्हल आले नाही’ एवढेच सांगितले जाते. ते कुठून यायचे, कधी यायचे आणि का अडले, हे कोणी सांगत नाही.

प्रत्यक्षात घडते ते असे. रुग्णालय तपासण्यांचे अहवाल, रुग्णाची माहिती आणि निवडलेले पॅकेज संगणकावरून पाठवते. योजनेचे डॉक्टर ते अहवाल पाहतात आणि आजार यादीत बसतो का, निवडलेला उपचार त्या आजाराला योग्य आहे का, हे ठरवतात. एखादा कागद कमी असेल किंवा अहवाल अस्पष्ट असेल तर ते खुलासा मागतात. याला दवाखान्यात ‘क्वेरी आली’ असे म्हणतात. क्वेरी म्हणजे नकार नव्हे. पुष्कळदा एक्स-रेचा फोटो धूसर असतो किंवा अहवालावर डॉक्टरांची सही राहिलेली असते, आणि ती दुरुस्ती रुग्णालयाने करायची असते. म्हणून नातेवाइकांनी नुसते ‘आले का’ असे न विचारता ‘क्वेरी काय आली आहे आणि उत्तर कोण देणार आहे’ असे विचारावे. असे विचारणाऱ्या माणसाची फाईल हलताना मी अनेकदा पाहिली आहे.

आता, अडवायचेच कशाला याचे उत्तर. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. यांतल्या कितीतरी बायका ऐन तरुण वयातल्या होत्या. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, अशी तक्रार घेऊन त्या गेल्या. त्यांना कॅन्सरची भीती घालण्यात आली आणि मुकादमाकडून उचल घेऊन त्यांनी ऑपरेशन करून घेतले. औषधाने बरे होईल का, दुसऱ्या डॉक्टरला दाखवावे का, असे विचारणारा कोणीही मध्ये उभा नव्हता. पुढे त्या जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले, म्हणजे तिसरा पक्ष मध्ये उभा करण्यात आला.

नुसता विमा असून भागत नाही हेही अनुभवाला आलेले आहे. २००८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेत कुटुंबाला वर्षाला तीस हजारांपर्यंतचे उपचार मिळत, आणि २०१२ च्या सुमारास छत्तीसगडमध्ये त्याच योजनेच्या पैशासाठी गर्भाशयाच्या अनावश्यक शस्त्रक्रिया झाल्याची प्रकरणे उघडकीस आली. पैसे होते, कार्ड होते, पण आधी कसून पाहणारे कोणी नव्हते. त्यामुळे परवानगीची पद्धत काढून टाका असे मी म्हणणार नाही. परवानगी लवकर मिळावी, आणि अडल्यास कारण रुग्णाला त्याच्या भाषेत, लेखी कळावे, ही मागणी मात्र प्रत्येकाने करावी, आणि ती रास्त आहे.

साप चावला, हृदयविकाराचा झटका आला, तर योजनेचा दवाखाना शोधत बसायचे का?

मुळीच नाही. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि जे रुग्णालय जवळ असेल तिथे रुग्णाला पोहोचवावे. सर्पदंशात तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात मिळणारी प्रतिविषाची लस आधी लागते, योजना नंतर. पुढे अंगीकृत रुग्णालयात नेल्यास तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून परवानगी घेण्याची सोय आहे आणि कागदपत्रे मागाहून देता येतात. कागद नाहीत म्हणून गाडी गावात थांबवून ठेवू नये. एक माणूस रुग्णाबरोबर जावा आणि दुसऱ्याने कागद गोळा करून मागून यावे.

बीपी-शुगरच्या गोळ्या योजनेतून मिळतात का?

मिळत नाहीत. भरती न होता बाह्यरुग्ण विभागात घेतलेले उपचार, नुसत्या तपासण्या, सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया आणि वंध्यत्वावरील उपचार हे या व्यवस्थेच्या बाहेर आहेत. योजनेतला हा सर्वांत मोठा खड्डा आहे असे माझे मत आहे. मधुमेहाच्या रुग्णाला दरमहा गोळ्या मिळाल्या तर त्याचे मूत्रपिंड वाचते. गोळ्या परवडत नाहीत म्हणून त्याने त्या सोडल्या आणि मूत्रपिंडे निकामी झाली, तर आठवड्याला दोन-तीन वेळा डायलिसिस करावे लागते, आणि ते मात्र योजनेत बसते. तरीही प्रत्येक वेळी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाण्याचे भाडे आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही.

यावर सध्या उपलब्ध असलेला मार्ग सरकारी दवाखान्याचा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब व साखर तपासतात. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या विभागाकडे असल्यामुळे तिथे हा निर्णय लागू नाही, हे ध्यानात घ्यावे.

रुग्णालयाने डिपॉझिट मागितले किंवा औषधे बाहेरून आणायला सांगितली, तर काय करावे?

परवानगी मिळालेल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पॅकेजच्या रकमेत खाट, डॉक्टर व परिचारिका, तपासण्या, औषधे, शस्त्रक्रियेत बसवायचे साहित्य आणि रुग्णाचे जेवण धरलेले असते.

माझ्या आत्यांच्या वेळी आमच्याकडून वीस हजार रुपये ‘परवानगी येईपर्यंत’ म्हणून भरून घेतले होते, आणि पावती कोऱ्या कागदावर दिली होती. आम्ही ते मुकाट्याने भरले, कारण माणूस आत होता. पुढे ते परत मिळाले, पण पाठीमागे लागून. तेव्हा जे करायला हवे होते आणि मी केले नाही, ते सांगते: पैसे देणे भागच पडले तर छापील, सही-शिक्क्याची पावती घ्यावी, पैसे कशासाठी घेतले हे तिच्यावर लिहून मागावे, बाहेरून आणलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी आणि बिल जपून ठेवावे. मग लगेच, रुग्ण दाखल असतानाच, आरोग्यमित्राला सांगून १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. तिथे दाद न लागल्यास योजनेचे जिल्हा समन्वयक आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांना लेखी अर्ज द्यावा व एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवावी. आयुष्मान योजनेचा देशभराचा क्रमांक १४५५५ आहे.

‘योजना सध्या बंद आहे’ असे दवाखाने का सांगतात?

कधी ते खरे असते. रुग्णालयाचा करार संपलेला असतो किंवा त्याच्यावर कारवाई झालेली असते. कधी योजनेतील खाटा भरलेल्या असतात. आणि कधी रुग्णालयाला तो रुग्ण नको असतो, कारण पॅकेजचा दर बाजारातील दरापेक्षा कमी असतो आणि क्लेमचे पैसे मिळायला विलंब होतो. डॉक्टरांची ही तक्रार निराधार नाही. तालुक्याच्या गावी वीस खाटांचा दवाखाना चालवणाऱ्याला पगार दर महिन्याला द्यावे लागतात. शासनाने दर वेळेवर सुधारावेत आणि पैसे वेळेवर द्यावेत, नाहीतर योजनेतील चांगली खासगी रुग्णालये मोठ्या शहरांपुरती उरतात आणि गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतल्या माणसाचे कार्ड पेटीतच राहते. पण करारात असलेल्या रुग्णालयाने रुग्णाला खोटे कारण सांगून परत पाठवणे हे कोणत्याही अडचणीने समर्थनीय ठरत नाही. अशा वेळी तिथूनच मदत क्रमांकाला फोन लावून रुग्णालयाचे नाव सांगावे आणि खरी स्थिती विचारावी.

योजनेत बसलेच नाही, तर दुसरा काही आधार आहे का?

धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार हे बंधन आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. याखेरीज मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो.

आम्ही ऊसतोडीला कर्नाटकात जातो, मुलगा सुरतला असतो. तिकडे कार्ड चालेल का?

आयुष्मान भारत योजनेत पात्र असलेल्या कुटुंबाचे कार्ड त्या योजनेत सहभागी असलेल्या इतर राज्यांतील अंगीकृत रुग्णालयांतही चालते. मात्र जे कुटुंब केवळ राज्याच्या योजनेखाली पात्र आहे, त्याने राज्याबाहेर हा लाभ गृहीत धरू नये. त्यामुळे आपण कोणत्या योजनेखाली पात्र आहोत हे निघण्यापूर्वी विचारून घेणे अगत्याचे आहे. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या लोकांना हे चांगले ठाऊक आहे. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय त्यांना पिढ्यान्‌पिढ्या जवळचे. जानेवारी २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लावण्यात आले, आणि नकाशावरची राज्याची सीमा त्यांना पहिल्यांदा केसपेपरच्या खिडकीवर लागली. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तिथल्या रहिवाशांसाठी आहे, ती सिंधुदुर्गातील रुग्णाला मिळत नाही.

ग्रामपंचायत यात काय करू शकते?

बरेच. आपल्या तालुक्यातून जवळ पडणारी अंगीकृत रुग्णालये, प्रत्येकात कोणते विभाग योजनेत आहेत, आणि मदत क्रमांक, एवढे एका पानावर लिहून ते ग्रामपंचायतीच्या फलकावर व रेशन दुकानात लावता येईल. ही माहिती दर सहा महिन्यांनी ताजी करावी लागेल, कारण ती बदलते. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने ग्रामसभेपूर्वी एक दिवस शिधापत्रिका-आधार ताडून पाहण्यासाठी ठेवला, तर माझ्या आत्यांसारखे दोन दिवस कोणाचे जाणार नाहीत. योजनेतून उपचार घेऊन आलेल्या माणसाला ग्रामसभेत उभे करून काय घडले ते सांगायला लावावे. फलक वाचून जे कळत नाही, ते शेजारच्याच्या तोंडून कळते.

दवाखान्यातून सुट्टी मिळताना काय पाहावे?

सुट्टीचा कागद म्हणजे डिस्चार्ज कार्ड, सर्व अहवाल आणि एक्स-रे मागून घ्यावेत. बिलाच्या किंवा समाधानपत्राच्या कागदावर सही मागितली जाते. त्यावर लिहिलेले वाचून घ्यावे, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावे, आणि पैसे घेतले असताना ‘पैसे घेतले नाहीत’ असे लिहिले असेल तर सही करू नये. पुढच्या तपासणीची तारीख आणि त्या काळातील औषधे योजनेतून मिळणार का, हे आरोग्यमित्राला विचारावे. काही आजारांसाठी पाठपुराव्याच्या उपचारांची स्वतंत्र तरतूद आहे. रुग्णालयातून घरी जाण्यासाठी एका वेळचे एसटीचे भाडे देण्याचीही तरतूद महाराष्ट्राच्या योजनेत पहिल्यापासून आहे. ते सहसा कोणी आपणहून देत नाही. आत्यांना सुट्टी मिळाली त्या दिवशी मी ते कक्षाच्या खिडकीशी मागितले, तेव्हा तिथल्या मुलाने क्षणभर माझ्याकडे पाहिले, खण उघडला, आणि दोन तिकिटांचे पैसे मोजून हातावर ठेवले.